दोषाचे गुणात रूपांतर : जवारी ते डिस्टॉर्शन पेडल – नवशिक्या वादकाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विद्युत गिटारचा स्वर हेतुपुरस्सर 'फाटका' करणारे डिस्टॉर्शन पेडल आज ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातीही येऊ लागले आहे. या उपकरणाकडे केवळ गोंगाटाचे साधन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत शोधनिबंधात या उपकरणाचा उगम आणि मराठी मुलखातील तंबोरा-सतारीच्या जवारीची परंपरा यांचा तुलनात्मक आढावा घेतला आहे. दोन्ही ठिकाणी स्वराला 'खरवड' देण्याचे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हातून निर्माण झाले किंवा जोपासले गेले. तसेच दोन्ही ठिकाणी नवशिक्याला प्रथम आत्मसात करावे लागते ते ऐकण्याचे शास्त्र होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जवारी, तंबोरा, मिरज, डिस्टॉर्शन, उपस्वर, कारागीर, नवशिक्या वादक.

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासलेखनात घराणी, गायक, राग आणि राजाश्रय यांना मध्यवर्ती स्थान मिळालेले आहे. त्या मानाने वाद्य घडविणारा, त्याची दुरुस्ती करणारा आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रामागे बसणारा माणूस इतिहासाच्या परिघावरच राहिला. वास्तविक पाहता एखाद्या काळातील माणसांना कोणता नाद गोड वाटला आणि कोणता कर्कश, हे ठरविण्यात या कारागिरांचा वाटा मोठा असतो.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी हा तालुका गोदावरीच्या उत्तर तीराला लागून आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच तालुक्यात असून इ.स. १६०८ मध्ये त्यांचा जन्म तेथे झाला. कीर्तन-भजनाची परंपरा या परिसरात दृढ आहे. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवली जात नाही. पहारेकरी आळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभे राहतात. त्याच गावांत लग्नाच्या वरातीत बेंजो वाजतो आणि शाहिराच्या मागे तुणतुणे. अशा श्राव्य परिसरात वाढलेला विद्यार्थी आता भ्रमणध्वनीवर पाहून गिटार शिकतो आणि काही महिन्यांत एखादे पेडल विकत घेण्याचा विचार करतो. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य वाद्यवादनाचा स्वतंत्र प्रकार असल्याने हा प्रश्न महाविद्यालयाच्या कक्षेत येतो. मात्र त्याला मार्गदर्शन करणारा शिक्षक जवळपास असतोच असे नाही. घरात आणि महाविद्यालयात त्याला ऐकावे लागते ते एवढेच, की हा आवाज बिघडलेला आहे.

हा आवाज बिघडलेला आहे हे विधान ऐतिहासिकदृष्ट्या अर्धसत्य आहे. त्याचा जन्म बिघाडातून झाला हे खरे. परंतु बिघाड ओळखून, मोजून, हवा तेव्हा आणि हवा तेवढाच निर्माण करणे ही विद्या होय. अशी विद्या मराठी मुलखाला अपरिचित नाही.

संशोधनाची उद्दिष्टे

१) डिस्टॉर्शन पेडलच्या उगमाचा व विकासाचा आढावा घेणे.
२) मराठी मुलखातील जवारीच्या परंपरेशी त्याचे साम्य आणि भेद स्पष्ट करणे.
३) या इतिहासाच्या आधारे नवशिक्या वादकासाठी अभ्यासाची दिशा सुचविणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. नादशास्त्रातील प्राथमिक तत्त्वांचा आधार आवश्यक तेथे घेतला आहे.

विषय विवेचन

१. देवगिरी ते मिरज : जवारीची परंपरा

मराठवाड्याच्या दृष्टीने या विषयाचा आरंभ देवगिरीपासून करणे उचित ठरेल. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाची रचना केली. सात अध्यायांच्या या ग्रंथातील सहावा अध्याय वाद्यांना वाहिलेला आहे. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन करताना तार आणि घोडीवरील धातूची पत्रिका यांच्या दरम्यान बसवावयाच्या 'जीवा' या लहानशा भागाचा निर्देश येतो. तारेचा नाद भरदार व्हावा हा त्याचा हेतू. तारेला पूर्ण मोकळे न सोडता तिच्या मार्गात सूक्ष्म अडथळा निर्माण करावा आणि त्या अडथळ्यातून नाद समृद्ध करावा, ही कल्पना घनसावंगीपासून फार दूर नसलेल्या राजधानीत सुमारे आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेली, ही बाब लक्षणीय आहे.

आजच्या तंबोऱ्यावर हेच कार्य घोडीचा किंचित उतरता, वक्र पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा करतात. तार छेडली असता ती घोडीच्या पृष्ठभागाला वारंवार हलकेच शिवते. या स्पर्शामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर मोठ्या प्रमाणात जागृत होतात आणि नादाला झणत्कार प्राप्त होतो. घोडीचा हा पृष्ठभाग कानसेने व पॉलिश कागदाने घासून योग्य वळणावर आणण्याच्या कामास 'जवारी काढणे' म्हणतात. वळण थोडे चुकले तर तार बद्द वाजते किंवा नुसतीच खरखरते. सतारीच्या बाबतीत खुली आणि बंद असे जवारीचे भेद केले जातात. पं. रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारीची बंद अंगाची होती. म्हणजेच खरवड किती ठेवावी हा वादकाच्या शैलीचा भाग होता.

महाराष्ट्रात या विद्येचे प्रमुख केंद्र म्हणजे मिरज. परंपरेने सांगितले जाते त्यानुसार, शिकलगार समाजातील फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन यांनी इ.स. १८५० च्या सुमारास येथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. पेशवाईच्या अस्तानंतर शस्त्रांची मागणी घटली आणि या कुशल हातांना नवे काम शोधावे लागले. पटवर्धन संस्थानात येणाऱ्या कलावंतांची वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी वाद्यनिर्मिती आत्मसात केली, असे ही परंपरा सांगते. पंढरपूर परिसरातील भोपळा, तून जातीचे लाकूड आणि हाडाची किंवा शिंगाची घोडी यांपासून मिरजेचे तंबोरे तयार होऊ लागले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. तंबोरा सुरात आणि जवारीत असल्याखेरीज गायनास न बसणारे कलावंत म्हणून त्यांची ख्याती होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील या व्यवसायाला २०२४ साली सतार व तंबोरा यांसाठी भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

जवारीच्या शास्त्रीय अभ्यासातही भारतीय शास्त्रज्ञाचे योगदान पायाभूत आहे. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कोलकाता येथील आपल्या संस्थेतून भारतीय तंतुवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्य नादशास्त्रातील नियम होता. तंबोरा आणि वीणा यांत मात्र असे उपस्वरही जोरकसपणे ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिले. त्याचे कारण त्यांनी घोडीच्या विशिष्ट रचनेत शोधले. मिरजेच्या कारागिराला जे हाताने ठाऊक होते, ते रामन यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले.

२. दुरुस्तीच्या बाकावर जन्मलेला स्वर : डिस्टॉर्शनचा इतिहास

विद्युत गिटारचा स्वर ध्वनिवर्धकातून मोठा केला जातो. ध्वनिवर्धकाला पेलवेल त्यापेक्षा अधिक तीव्र संकेत दिला, तर ध्वनितरंगाची शिखरे छाटली जातात. या छाटणीमुळे मूळ संकेतात नसलेले उपस्वर निर्माण होतात. यालाच अभियंते विरूपण म्हणतात आणि दीर्घकाळ ते टाळणे हेच त्यांचे कर्तव्य मानले जात असे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी १९५० च्या दशकात या दोषाला आपलेसे केले. १९५१ साली मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गीतात विली किझार्ट यांच्या गिटारचा आवाज फाटलेला आहे. प्रवासात ध्वनिवर्धकाची मोडतोड झाली आणि स्टुडिओत कागद कोंबून काम भागविण्यात आले, असे त्याचे कारण सांगितले जाते. १९५८ मध्ये लिंक रे यांनी 'रंबल' या वादनासाठी ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये इंग्लंडमधील 'द किंक्स' या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तोच पडदा पात्याने चिरला. अपघाताने मिळालेला नाद पुन्हा मिळविण्यासाठी वादक आपल्या हाताने यंत्र बिघडवीत होते.

या प्रक्रियेला निर्णायक वळण नॅशव्हिल येथे मिळाले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांचे वादन मिश्रणयंत्रातील एका बिघडलेल्या वाहिनीतून गेले आणि घोगरे, गुरगुरणारे उमटले. ते तसेच ठेवण्यात आले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांच्याकडे इतर वादक तशाच आवाजाची मागणी करू लागले. स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या मंडलात पुन्हा घडवून आणला. गिब्सन कंपनीने ते मंडल 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने १९६२ मध्ये बाजारात आणले. जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असलेली, पायाने चालू-बंद करता येणारी ही पेटी म्हणजे या जातीचे पहिले व्यापारी उत्पादन होय.

या उपकरणाची जाहिरात गिटारमधून तुतारी, ट्युबा यांसारख्या फुंकवाद्यांचे नाद काढणारे यंत्र अशी करण्यात आली होती. दुकानदारांनी सुरुवातीला सुमारे पाच हजार नग घेतले. परंतु ग्राहक फिरकेनात. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात ते वापरले तेही फुंकवाद्यांची तात्पुरती जागा भरण्यासाठी. गीत लोकप्रिय झाले आणि पडून असलेली पेडले विकली गेली. म्हणजे निर्मात्याने ठरविलेला उपयोग एक आणि श्रोत्यांनी स्वीकारलेला उपयोग दुसराच, असे येथे घडले.

त्यानंतरचा विकास वेगाने झाला. इंग्लंडमध्ये 'टोन बेंडर' (१९६५) व 'फझ फेस' (१९६६), अमेरिकेत 'बिग मफ' ही पेडले आली. जर्मेनियमची जागा सिलिकॉनने घेतली. १९७८ मध्ये जपानी 'बॉस' कंपनीने 'डीएस-१' हे पेडल काढले. जपानमधील मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे हे उपकरण सामान्य वादकाच्या आवाक्यात येऊ लागले. 'फझ', 'ओव्हरड्राइव्ह' आणि 'डिस्टॉर्शन' अशी त्याची तीन कुळे सामान्यतः मानली जातात. पहिल्यात तरंगाची छाटणी अतिशय तीव्र, दुसऱ्यात सौम्य व वादकाच्या आघातानुसार बदलणारी, तर तिसऱ्यात कठोर परंतु एकसारखी असते.

३. महाराष्ट्रातील आगमन

मुंबईत विद्युत गिटार चित्रपटसंगीताच्या द्वारे रुजली. १९७० व १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये भारतीय तरुण वाद्यवृंदांनी वाजविलेला फझ गिटारचा नाद ऐकावयास मिळतो. पुढे १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद स्थापन झाला. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक होते. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव मुंबईत सुरू झाला. तथापि आयातीवरील निर्बंध आणि जबर सीमाशुल्क यांमुळे परदेशी पेडल मिळविणे या काळात सोपे नव्हते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांवर किंवा स्थानिक रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या कौशल्यावर वादकाला विसंबावे लागे. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आणि विशेषतः २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतर ही परिस्थिती पालटली. आज चिनी बनावटीची स्वस्त पेडले टपालाने तालुक्याच्या गावी येतात आणि भ्रमणध्वनीवरील उपयोजनांतही त्यांची नक्कल मिळते.

मराठवाड्यातील खेड्यापुरते बोलायचे तर विरूपित तंतुवाद्याची ओळख गिटारच्या आधी बेंजोने करून दिली. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते वाद्य जपानमधील 'ताइशोगोतो'चे भारतीय रूप आहे. नागोया येथे १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी ते तयार केले होते. टंकयंत्रासारख्या कळांचे हे घरगुती वाद्य भारतात 'बुलबुल तरंग' झाले आणि महाराष्ट्रात विजेचे ध्वनिग्राहक बसवून वरातीत व मिरवणुकीत अग्रभागी आले. भोंग्याच्या कुवतीबाहेर चढवलेला बेंजोचा स्वर तांत्रिकदृष्ट्या डिस्टॉर्शनच होय. वरातीत नाचणाऱ्या गावकऱ्याला तो बिघडलेला वाटत नाही. उलट तो स्वच्छ वाजला तर वरात फिकी वाटावी. कर्कशता ही नादात जितकी असते तितकीच प्रसंगाच्या औचित्यातही असते, हे यावरून दिसून येते.

४. साम्य आणि भेद

जवारी आणि डिस्टॉर्शन पेडल यांच्यात दोन साम्ये ठळक आहेत. पहिले नादशास्त्रीय आहे. दोहोंमुळे मूळ स्वरातील उपस्वरांचे बळ वाढते. तरंगाची वरची व खालची बाजू समान छाटली असता विषम उपस्वर, म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा हे प्रामुख्याने निर्माण होतात. तिसरा उपस्वर म्हणजे षड्जाच्या वरच्या सप्तकातील पंचम आणि पाचवा म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातील गंधार. उत्तम जवारीच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेतून गायकाला जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा उपस्वर होय.

दुसरे साम्य सामाजिक आहे. मिरजेचा शिकलगार आणि नॅशव्हिलचा ध्वनिमुद्रक हे दोघेही मंचावरचे कलावंत नव्हते. मोडलेले, बिघडलेले यंत्र ज्यांच्या बाकावर येते अशी ही माणसे होती. बिघाड कोठून येतो हे त्यालाच कळते ज्याने तो उघडून पाहिलेला असतो. त्यामुळे दोष आणि गुण यांतील सीमारेषा प्रथम त्याच्या हाताला जाणवते.

भेद मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे कार्य करते. तंबोऱ्याच्या चार तारांचे नाद घोडीवर आपापल्या जागी समृद्ध होतात आणि मग हवेत एकमेकांत मिसळतात. पेडलमध्ये मात्र सहाही तारांचा मिळून एकच संकेत शिरतो आणि त्या एकत्रित संकेताची छाटणी होते. परिणामी दोन स्वर एकत्र वाजविले असता त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकी असलेले नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ कंपनांचा असेल, तर त्यांतून ५५ कंपनांचा, म्हणजे षड्जाच्याच खालच्या सप्तकाचा स्वर निर्माण होतो आणि नाद भारदस्त होतो. गंधाराचे तसे नाही. गिटारच्या पडद्यांवरील समविभाजित गंधार ११० च्या षड्जाला सुमारे १३८.६ कंपनांचा असतो. त्याचा चौथा उपस्वर ५५४.४ कंपनांचा, तर षड्जाचा पाचवा उपस्वर ५५० कंपनांचा. दोन्ही एकाच वेळी बळावल्याने सेकंदाला चाराहून अधिक डोल ऐकू येतात आणि स्वरसंवाद गढूळ होतो. समविभाजित पंचमाच्या बाबतीत हाच डोल सुमारे तीन सेकंदांतून एकदा येतो. म्हणूनच रॉक संगीतात षड्ज-पंचमाच्या जोडीला, म्हणजे 'पॉवर कॉर्ड'ला, एवढे महत्त्व आले. तंबोऱ्याच्या नेहमीच्या जुळणीतही हेच दोन स्वर असतात, हा योगायोग बोलका आहे.

येथे एका मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. हे सर्व आपल्याकडे आधीपासूनच होते, असा निष्कर्ष या साम्यावरून काढणे अनैतिहासिक ठरेल. स्नॉडी यांना मिरज ठाऊक नव्हते आणि फरीदसाहेबांना ट्रान्झिस्टर. दोन समाजांनी स्वतंत्र मार्गांनी, भिन्न साधनांनी, एका समान प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणालीला स्थान मिळाले आहे. अशा वेळी गौरवाची विधाने करण्यापेक्षा, जवारीसारखी मोजता, ऐकता आणि हाताने करता येणारी विद्या वर्गात आणणे अधिक फलदायी होईल.

५. नवशिक्या वादकासाठी अभ्यासाची दिशा

वरील विवेचनाच्या आधारे नवशिक्याच्या अभ्यासाविषयी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. तंबोरा शिकताना प्रथम तार सुरात लावली जाते आणि दोऱ्याची जागा त्यानंतर शोधली जाते. बेसूर तारेवर जवारी उघडली तर बेसूरपणाच उठून दिसतो. पेडलचा क्रमही हाच असावा. स्वच्छ नादावर तारा अचूक जुळवाव्यात, धडा स्वच्छ नादावर बसवावा आणि मगच पेडल चालू करावे.

बहुतेक पेडलांवर तीन खुंट्या असतात. छाटणीचे प्रमाण ठरविणारी 'ड्राइव्ह' किंवा 'गेन', तीव्र-मंद्र अंगांचा तोल साधणारी 'टोन' आणि आवाजाची पातळी ठरविणारी 'लेव्हल'. नवशिक्याकडून पहिली खुंटी शेवटपर्यंत फिरविली जाते, कारण त्यामुळे आपले वादन एकदम भारदार वाटते. येथे फसगत होते. छाटणी वाढली की हलका आणि जोरकस आघात जवळजवळ सारखेच ऐकू येतात आणि हाताची असमानता झाकली जाते. दुसरीकडे नको असलेल्या तारांचा, बोटांच्या घासण्याचा आवाज मात्र अनेक पटींनी वाढतो. त्यासाठी पहिली खुंटी शून्यावरून हळूहळू वाढवीत न्यावी. ज्या ठिकाणी हलका आघात स्वच्छ आणि जोरकस आघात किंचित फाटका वाजतो, तेथे थांबावे. दोरा सरकवीत नेताना तार जेथे बोलू लागते तेथे कारागीर थांबतो, तशीच ही जागा आहे. 'लेव्हल' अशी ठेवावी की पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी समान राहील. अन्यथा मोठा आवाज हाच चांगला आवाज, असा कानाचा गैरसमज होतो.

उजव्या तळहाताच्या कडेने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याची सवय आरंभापासून लावणे आवश्यक आहे. पूर्ण स्वरसंवादाऐवजी षड्ज-पंचमाची जोडी आधी घोटावी. गिटारवरील आवाजाची खुंटी थोडी उतरविली असता पेडल चालू ठेवूनही नाद स्वच्छ होत जातो, याचाही सराव करावा. प्रतिध्वनी देणारे पेडल असल्यास ते सामान्यतः डिस्टॉर्शनच्या नंतर जोडावे. आधी जोडल्यास प्रतिध्वनीचीही छाटणी होऊन नाद गुंतागुंतीचा होतो.

ग्रामीण भागात विजेचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने त्याची व त्याच्या पटींची गुणगुण गिटारच्या ध्वनिग्राहकात शिरते आणि पेडल ती वाढविते. घरात अर्थिंग नीट नसेल तर ती असह्य होते. सरावापुरते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर पेडल चालविल्यास अडॅप्टरमधून येणारी गुणगुण टळते. अडॅप्टर वापरायचा झाल्यास त्याच्या टोकाची धन-ऋण बाजू पेडलवरील खुणेशी ताडून पाहणे अनिवार्य आहे. या बाबतीत गावातील साऊंडवाल्याचे ज्ञान उपयोगी पडते. त्याला गुरू मानण्यास विद्यार्थ्याने संकोच करू नये.

६. हाताच्या ज्ञानाचा प्रश्न

पेडल टपालाने येते, जवारी मात्र टपालाने येत नाही. भजनी मंडळाची वीणा किंवा शाळेतील तंबोरा जवारीतून उतरला तर तो लावून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. वाद्य खुंटीवर टांगले जाते आणि त्याचे काम यंत्राकडे जाते. बंगळूर येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आज तोही भ्रमणध्वनीत सामावला आहे. म्हणजे जवारीदेखील अखेर मंडलात आणि मग उपयोजनात शिरली. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्रातील जवारी कोणीतरी आधी कानाने ठरविलेली असते. ती कशी ठरवावी हे जाणणारी माणसे संपली, तर पुढच्या पिढीला उतरलेली आणि चढलेली जवारी यांतील फरक सांगणारा कोणी उरणार नाही. भौगोलिक मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. हाताला शिष्य मिळतोच असे नाही.

महाविद्यालये या बाबतीत थोडे परंतु ठोस कार्य करू शकतात. वाद्यदुरुस्तीची कार्यशाळा, मिरजेची शैक्षणिक सहल, भौतिकशास्त्र विभागाच्या दोलनदर्शीवर तंबोऱ्याच्या तारेचे आणि पेडलमधून गेलेल्या गिटारच्या तारेचे तरंग शेजारीशेजारी दाखविणे, एवढे अल्प खर्चात शक्य आहे. इतिहास, भौतिकशास्त्र आणि संगीत या तिन्ही विषयांचे प्राध्यापक एका बाकाभोवती जमण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

निष्कर्ष

१) डिस्टॉर्शन पेडल हे १९५० च्या दशकातील आकस्मिक व हेतुपुरस्सर बिघाडांचे १९६२ मध्ये झालेले यांत्रिकीकरण होय. त्याचा आजचा उपयोग निर्मात्यांपेक्षा वादक व श्रोत्यांनी निश्चित केला.

२) तारेच्या मार्गात सूक्ष्म अडथळा आणून नाद समृद्ध करण्याची कल्पना मराठवाड्यात शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात आढळते. मिरजेच्या कारागिरांनी जवारीच्या रूपाने ती विद्या जोपासली.

३) दोहोंत उपस्वरांचे बळ वाढते हे साम्य आहे. मात्र जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्र कार्य करते, तर पेडल सर्व तारांच्या एकत्रित संकेतावर. या भेदामुळे पेडलवरील स्वरसंवादाची निवड मर्यादित होते.

४) दोन्ही परंपरांत निर्णायक ज्ञान दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे होते. संगीताच्या इतिहासलेखनात या घटकाची स्वतंत्र नोंद होणे गरजेचे आहे.

५) नवशिक्याने स्वच्छ नादावर प्रभुत्व मिळवून मगच, अल्प प्रमाणात, विरूपणाकडे वळणे हितकारक आहे. किती फाटू द्यावे हे ऐकू येऊ लागले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झाले, असे म्हणता येईल.

६) सप्ताहातील वीणा, वरातीतील बेंजो आणि विद्यार्थ्याची गिटार या एकाच गावाच्या कानावर पडणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांचा एकत्रित विचार करणारा स्थानिक संगीतेतिहास घनसावंगीसारख्या तालुक्यांतून लिहिला जाणे शक्य आहे आणि ते काम ग्रामीण महाविद्यालयांनीच हाती घेतले पाहिजे.